मालकाचे मौन आणि कामगारांचा थकलेला पगार

७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज या विमान कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. या कंपनीचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला येऊन उतरले होते. म्हणजे प्रत्यक्ष मृत्यू आणि मृत्यूचा दाखला यांच्यामध्ये साडेपाच वर्षे गेली. या अवधीत बँका बोलल्या, वकील बोलले, कंपनी विकत घेऊ इच्छिणारे बोलले, सल्लागारांनी अहवालांवर अहवाल लिहिले. ज्या सुमारे सोळा हजार माणसांचा पगार ते विमान उतरले तेव्हा थकलेला होता, त्यांना मात्र प्रत्येक टप्प्यावर निर्णय झाल्यानंतरच काय ते कळले. उद्योग अडचणीत आला असता कोणाला केव्हा काय सांगायचे, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके कौशल्याचा म्हणून शिकवतात. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि जेटच्या कहाणीइतका त्याचा स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आरंभीच एका आक्षेपाचे निराकरण केले पाहिजे. विमान कंपनीतील नोकरदार म्हणजे गलेलठ्ठ पगाराचे वैमानिक; त्यांच्या दुःखाने कामगार चळवळीने व्याकूळ का व्हावे, असे काही कार्यकर्ते विचारतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की विमानतळावर सामान चढवणारा, विमान झाडणारा, तिकीटखिडकीवर उभा राहणारा, गाडी चालवणारा आणि यंत्राची देखभाल करणारा हे सर्वही त्याच हजेरीपटावर होते. शिवाय ज्या व्यवस्थेने चांगल्या पगाराच्या, शिकलेल्या, संघटित नोकरदारालाही अंधारात ठेवून बुडवले, ती व्यवस्था भिवंडीच्या मागावर काम करणाऱ्याची कोणती पत्रास ठेवणार?

आता व्यवस्थापनाच्या निर्णयांकडे वळू. इंधन महागले, रुपया घसरला, भाडेयुद्धाने कंबर मोडली, ही कारणे मालकपक्षाकडून नेहमी सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु विमानाचे इंधन सर्वच कंपन्यांना महाग होते. २००६ साली सुरू झालेली इंडिगो त्याच इंधनावर, त्याच आकाशात उडत होती व वाढत होती. फरक निर्णयांचा होता. १९९३ साली उड्डाणे सुरू करून देशातील अव्वल खासगी कंपनी बनलेल्या जेटने २००७ साली एअर सहारा ही कंपनी १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली. त्या खरेदीतून तोट्याचे ओझे वाढले. पूर्ण सेवेची एक विमानसेवा आणि स्वस्त भाड्याची निराळ्या नावांची दुसरी, असा संसार एकाच घरात मांडला गेला. कोणत्या प्रवाशाला काय द्यायचे याचा मेळ अखेरपर्यंत बसला नाही. २०१३ साली एतिहाद या परदेशी कंपनीने २४ टक्के भाग सुमारे २,०५८ कोटी रुपयांना घेतला. या पैशाने निर्णयांचे मूळ सुधारले नाही. फक्त काळ पुढे ढकलला गेला. यातील एकाही निर्णयासाठी कामगारांना विचारले गेले नव्हते. त्या निर्णयांची फळे मात्र त्यांच्याच ताटात वाढली गेली.

ही फळे कशी वाढली जातात याची रंगीत तालीम २००८ सालीच झाली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने सुमारे १,९०० जणांना काढून टाकण्याचे जाहीर केले. गणवेशातील तरुण मुले-मुली मुंबईच्या विमानतळावर निदर्शने करताना साऱ्या देशाने पाहिली. गदारोळ उठला, राजकीय पक्ष मध्ये पडले, आणि लगेच दुसऱ्या रात्री कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेतल्याची घोषणा केली. कर्मचाऱ्यांचे अश्रू आपल्याला पाहवले नाहीत, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. वृत्तपत्रांनी या हृदयपरिवर्तनाचे कौतुक केले. पण विचार करावा: आज काढले तेव्हा आर्थिक अपरिहार्यता होती आणि उद्या परत घेतले तेव्हा ममता होती, तर मग हिशेब कुठे होता? जो निर्णय एका रात्रीत फिरवता येतो, तो अपरिहार्य नव्हता. आणि जर खरोखरच अपरिहार्य होता, तर तो फिरवणे ही कामगारांची फसवणूक होती. दोन्हीपैकी काहीही खरे असले तरी हिशेबाची वही कामगारांसमोर उघडली गेली नाही. मालक रागावला तर नोकरी जाते, मालक द्रवला तर परत मिळते, हे सरंजामी नाते आहे. आधुनिक उद्योगाचे नव्हे.

कामगारांनी हे नाते बदलू पाहिले तेव्हा काय झाले, हे पुढच्याच वर्षी दिसले. २००९ साली जेटच्या वैमानिकांनी आपली संघटना नोंदवली. संघटनेत पुढाकार घेणाऱ्या दोघांना कंपनीने बडतर्फ केले. सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, पाच दिवस उड्डाणे विस्कळीत झाली, तेव्हा कुठे बडतर्फी मागे घेण्यात आली. अश्रू पाहून द्रवणारे कुटुंबप्रमुख संघटनेचे नाव ऐकताच कसे कठोर होतात, याचा हा धडा होता. याचकाला दया मिळते. हिशेब मागणाऱ्याला बडतर्फी.

ऑगस्ट २०१८ मध्ये खरे संकट दाराशी आले. साठ दिवसांपुरताच पैसा उरला असल्याचे कंपनीने कर्मचाऱ्यांना सांगितले, अशी बातमी प्रसिद्ध झाली. कंपनीने ती खोटी व खोडसाळ म्हणून फेटाळली. त्याच सुमारास वैमानिकांपुढे पगारकपातीचा प्रस्ताव ठेवला गेला व त्यांनी तो नाकारला. ९ ऑगस्ट रोजी संचालक मंडळाने तिमाहीचे हिशेब जाहीर करणे पुढे ढकलले. त्याच दिवशी वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी भागधारकांच्या नुकसानीबद्दल खंत व्यक्त केली. महिनाअखेरीस हिशेब बाहेर आले तेव्हा एका तिमाहीचा तोटा १,३२३ कोटी रुपये निघाला. म्हणजे खंत भागधारकांपुढे, खुलासा शेअर बाजारापुढे, आणि कपातीचा प्रस्ताव तेवढा कर्मचाऱ्यांपुढे! सप्टेंबरपासून वैमानिक, अभियंते व वरिष्ठ कर्मचारी यांचा पगार तुकड्यातुकड्यांनी होऊ लागला. वर्षअखेरीस कंपनीने बँकांचा हप्ता चुकवला.

संकटात मौन राखलेच पाहिजे, असे व्यवस्थापनाचे पंडित सांगतात. बातमी फुटली तर प्रवासी तिकिटे रद्द करतील, इंधनवाले रोख मागतील, विमाने भाड्याने देणारे ती काढून नेतील, आणि जी कंपनी कदाचित वाचली असती ती अफवेनेच मरेल. या युक्तिवादात तथ्य आहे. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण जेटच्या बाबतीत मौन कोणापासून राखले गेले? आपले हप्ते थकल्याचे बँकांना ठाऊक होते. भाडे थकल्याचे विमानमालकांना ठाऊक होते. त्यांनी ती विमाने एकामागून एक जमिनीवर उतरवली. बिले थकल्याचे तेल कंपन्यांना ठाऊक होते. ज्याच्या हाती पैसा किंवा माल अडवून धरण्याची शक्ती होती, त्या प्रत्येकाला माहिती होती आणि त्याने ती वापरून आपले जमेल तितके वसूल केले. पूर्ण चित्र ज्याच्यापासून दडले, तो एकच वर्ग होता. दुसरी नोकरी शोधायची की थांबायचे, घराच्या कर्जाचा हप्ता कसा भरायचा, मुलाची फी कुठून द्यायची, हे निर्णय त्या वर्गाला महिनोन्‌महिने अंदाजाने घ्यावे लागले. आणि थकलेला पगार म्हणजे तरी काय? कामगाराने कंपनीला दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्जच ते. बँक कर्ज देण्यापूर्वी ताळेबंद पाहते. कामगाराकडून हे कर्ज ताळेबंद न दाखवता, किंबहुना तो न विचारता, काढले गेले.

मार्च २०१९ मध्ये जेटच्या देखभाल अभियंत्यांच्या संघटनेने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहिले. पगार थकल्याने येणारा मानसिक ताण हवाई सुरक्षेला धोकादायक आहे, असे त्यांनी बजावले. संपूर्ण प्रकरणात जनतेच्या हिताचे खरे बोल कोणी काढले असतील तर ते या अभियंत्यांनी, हे नोंदवून ठेवले पाहिजे. २५ मार्च रोजी गोयल दांपत्य संचालक मंडळावरून पायउतार झाले. नियंत्रण सोडण्याचा निर्णय विमाने थांबण्याच्या अवघे तीन आठवडे आधी झाला. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील धनको बँका १,५०० कोटी रुपयांचे तातडीचे साह्य देणार, असे जाहीर झाले. पगार नाही तर उड्डाण नाही, अशी नोटीस दिलेल्या वैमानिकांनी या शब्दावर विश्वास ठेवून १ एप्रिलपासूनचे आंदोलन पुढे ढकलले, १५ एप्रिलला पुन्हा पुढे ढकलले. पैसे आले नाहीत. शेवटी ४०० कोटींची तातडीची याचनाही नाकारली गेली व विमाने थांबली. येथे मौन मालकाचे नव्हते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी दिलेला शब्द हवेत विरला होता. सार्वजनिक मालकीच्या संस्था खासगी सावकाराच्याच रीतीने वागू लागल्या, तर त्यांच्या सार्वजनिकपणाचा कामगाराला उपयोग काय?

हे सारे प्रथमच घडले असते तर अननुभवाची सबब चालली असती. पण सात वर्षांपूर्वी किंगफिशर एअरलाइन्स याच वाटेने गेली होती. तिनेही २००७ मध्येच एअर डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला, तिचेही कर्मचारी महिनोन्‌महिने बिनपगारी राहिले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचा परवाना निलंबित झाला. बँकांनी त्या कंपनीचे नाव आणि बोधचिन्हदेखील तारण म्हणून घेतले होते. एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ३६७ कोटींच्या राखीव किमतीला त्याचा लिलाव पुकारला, तेव्हा एकही बोली आली नाही. झगमगाटालाच मालमत्ता समजणाऱ्या बँकांनी पगाराच्या पत्रकाकडे नजर टाकली असती, तर कंपनीची प्रकृती त्यांना फुकटात कळली असती.

कायद्याने या अनुभवापासून काय शिकावे? औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली घातलेल्या तरतुदीनुसार मोठा उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागे. पण ती कारखाने, खाणी व मळे यांनाच लागू होती, विमान कंपनीला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हे छिद्र बुजवले नाही. उलट परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या समितीत मते वित्तीय धनकोंना. कामगारांच्या प्रतिनिधीला फार तर बसायला जागा, मत नाही. याच संहितेच्या ५३ व्या कलमात कामगारांच्या थकबाकीला अग्रक्रम दिला गेला, पण अवसायन सुरू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांपुरता. इतर कर्मचाऱ्यांना १२ महिन्यांपुरता, तोही खालच्या पायरीवर. जेटच्या कर्मचाऱ्याने काम केले २०१९ पर्यंत आणि अवसायन आले २०२४ मध्ये. अक्षरार्थ घेतला तर दिरंगाई इतरांनी करायची आणि मुदत कामगाराची संपायची! भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांचा हक्क तेवढा अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये मान्य केला व जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हा विजय संघटना लढल्या म्हणून मिळाला, कोणाचे डोळे पाणावले म्हणून नव्हे.

कामगाराला हिशेब कळत नाहीत, असे अजूनही म्हटले जाते. मुंबईत कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८५ साली बंद पडली. तिच्या कामगारांनी संघटनेमार्फत पुनरुज्जीवनाची योजना स्वतः तयार केली, आणि १९८८ साली ती मान्य होऊन कारखाना त्यांच्या ताब्यात आला व पुन्हा चालू झाला. पुढे तो पुन्हा अडचणीत आला हे खरे. पण मालकांच्या ताब्यातले किती कारखाने अडचणीत आले, याची गणती त्या न्यायाने कोणी करीत नाही. पश्चिम जर्मनीने १९७६ साली दोन हजारांहून अधिक नोकरदार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांना दिल्या. निर्णायक मत भागधारकांच्या बाजूला राहिले तरी हिशेबाची वही उघडी झाली. त्याच वर्षी भारताच्या राज्यघटनेत अनुच्छेद ४३-अ आला व उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९९० साली त्यासाठी राज्यसभेत विधेयक मांडले गेले; त्याचा कायदा कधीच झाला नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. एक महिना पगार थकला की त्या कंपनीने आपले देणे, रोकड व कर्जफेडीचे वेळापत्रक कामगार संघटनेला लेखी दिलेच पाहिजे. पगार थकवणाऱ्या कंपनीत बँकांनी नवे कर्ज घालताना त्यातून प्रथम पगार चुकता होईल अशी अट घातली पाहिजे. दिवाळखोरीच्या समितीत कामगारांना मत हवे, आणि त्यांच्या थकबाकीची मुदत काम थांबल्याच्या दिवसापासून मागे मोजली जावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील पगार थकलेल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर हा मजकूर न्यावा. तिथे सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली आहेत. पहिल्या थकलेल्या पगाराच्या दिवशीच ताळेबंद मागायला कामगाराला शिकवले, तर त्याला पुढच्या पाच वर्षांच्या न्यायालयीन खेटा कदाचित चुकवता येतील.