बर्फावरची सफर : ज्याची त्याची वाट

वर्गात आल्प्स पर्वत शिकवायला घेतला की मुले एक प्रश्न हमखास विचारतात, "एवढ्या बर्फात माणसे चालतात कशी? पाय रुतत नाहीत का?" उत्तर सोपे आहे. अंगाचे वजन कमी होत नाही, पण ते मोठ्या जागेवर पसरवता येते. त्यासाठी बुटाखाली एक रुंद चौकट बांधतात. तिला स्नोशू म्हणतात. पूर्वी लाकूड वाकवून त्यात चामड्याच्या पट्ट्यांची जाळी विणत. आता प्लॅस्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट असते, खाली धातूचे दाते आणि हातात दोन काठ्या. स्कीइंग शिकायला दिवस लागतात. हे मात्र ज्याला चालता येते, त्याला थोड्या सरावाने जमते.

ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात आहेत, त्या घरांत कधीतरी "अम्मी-अब्बांना बर्फ दाखवू या" असा बेत शिजतोच. अशा बेतासाठी आम्ही आज शामोनीचे खोरे निवडले आहे. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ते आहे. शामोनी गाव १०३५ मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या डोक्यावर ४८०० मीटरहून उंच माँ ब्लाँ शिखर उभे आहे. हिवाळी ऑलिम्पिकचे पहिले सामने १९२४ मध्ये इथेच झाले.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आणि लहानग्यांसाठी आर्व्ह नदीच्या काठचे बोआ द्यू बुशे हे रान उत्तम. शामोनी आणि ले प्रा या वस्त्यांमधली ही जागा जवळजवळ सपाट आहे. दमले की मागे फिरावे, गाव जवळच असते. एवढेच ध्यानात ठेवावे की स्कीवाल्यांसाठी आखलेल्या गुळगुळीत पट्ट्यांवर आपण पाय देऊ नये.

ज्यांच्या पायांत थोडा दम आहे, त्यांनी ले ऊश गावातून रोपवेने प्रारिओंच्या बाजूला वर जावे. मोठा चढ रोपवेच चढवतो. पुढे १९६९ मीटर उंचीचा प्रारिओंचा माथा गाठता येतो किंवा १६५३ मीटरवरच्या कोल द व्होझा या खिंडीकडे उतरता येते. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे तिथली खिंडच आपल्या राज्यातल्या सर्वांत उंच शिखराच्या बरोबरीची!

तिसरी वाट कसलेल्यांची. खोऱ्याच्या वरच्या टोकाला ल तूर नावाची वस्ती आहे. तिथून २२०१ मीटर उंच एग्विएत दे पोझेतपर्यंत सुमारे साडेसातशे मीटर चढ आहे. इथे वाटाड्या सोबत असलेलाच बरा.

पण वाट सोपी की अवघड, हे एकट्या चढावरून ठरत नाही. त्या दिवशीचा बर्फ कसा आहे, यावरही ते ठरते. ल तूरच्या अलीकडेच मोंरोक ही वस्ती आहे. ९ फेब्रुवारी १९९९ रोजी, अनेक दिवसांच्या हिमवर्षावानंतर, डोंगरावरून हिमलोट सुटला आणि तिथली घरे गाडली गेली. १२ माणसे दगावली. ती कुठल्या साहसाला निघालेली नव्हती. त्यातली काही घरे तर नकाशावर सुरक्षित मानलेल्या पट्ट्यात होती.

म्हणून निघण्यापूर्वी हिमलोटाच्या धोक्याचे पत्रक वाचावे. फ्रान्सचे हवामान खाते हिवाळ्यात ते रोज काढते. धोक्याच्या पातळ्या १ ते ५ असतात. ३ हा आकडा मधला दिसतो, म्हणून "ठीकच आहे" असे समजू नये. जीव घेणारे बरेच अपघात याच पातळीवर होतात. साधारण ३० अंशांहून तीव्र उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी जपावे. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा मोठी असते, नंतर ती झपाट्याने घटते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचणे कठीण. त्यामुळे डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही हवा.

शामोनीने हे शहाणपण मोठी किंमत मोजून मिळवले आहे. १८२० मध्ये माँ ब्लाँ चढणाऱ्या एका तुकडीवर हिमलोट आला आणि तीन वाटाडे गेले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, गावातल्या वाटाड्यांनी आपली संघटना उभारली आणि संकटात सापडलेल्या वाटाड्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी मदतनिधी ठेवला. ती संघटना आजही काम करते. डोंगरावर गेलेल्या माणसाची घरी कोणीतरी वाट पाहत असते, हे त्या गावाने दोनशे वर्षांपूर्वीच ओळखले.

तेव्हा वाट निवडताना घरातल्या सर्वांत धडधाकट मुलाकडे पाहू नका. सर्वांत हळू चालणाऱ्याकडे पाहा. अंधार लवकर पडतो, सकाळीच निघा. थर्मॉसमध्ये गरम चहा, खिशात खजूर-बदाम आणि सुके हातमोजे असू द्या. आणि बरोबरच्या कोणी "आज परत फिरू या" म्हटले, तर त्याला भित्रा म्हणू नका. शिखर उद्याही तिथेच असणार आहे.