शनवार तेली पबात



सैन्यातून सुटीवर आलेला आमचा नातू म्हणाला, "सफ्ता, चल, तुला सारोनात नेतो." एका जुन्या कारखान्याच्या जागेत लहानसा पब होता, तिथे त्याने बसवलं. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया. त्याने बियर घेतली, आम्ही लिमोनाना. पबात बसायची आमची पहिलीच वेळ!

सारोना ही तेल अवीवमधली जुनी वस्ती. जर्मनीहून आलेल्या टेम्पलर ख्रिस्ती लोकांनी ती १८७१ साली वसवली. द्राक्षमद्याचा कारखाना आणि ऑलिव्ह तेलाचा घाणाही तिथे होता. पुढे त्यांच्यातले बरेच जण नाझी पक्षात गेले. महायुद्धात इंग्रजांनी त्यांना कोंडून ठेवलं आणि १९४१ साली शेकडो जणांना ऑस्ट्रेलियात पाठवलं. १९४८ नंतर तिथे आपल्या सरकारच्या कचेऱ्या आल्या. आता त्याच घरांत दुकानं आणि खानावळी आहेत.

घाण्याचं नाव निघालं तेव्हा नातू म्हणाला, "सफ्ता, घाणा म्हणजे काय?"

आम्ही गप्पच झालो. आपले पूर्वज कोकणात तेली होते. शब्बाथला घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं 'शनवार तेली'. पण मुंबईत शिकताना कोणी विचारलं तर आम्ही 'तेली' म्हणायला लाजायचो. मुलांना सांगितलं नाही, मग नातवाला कुठून कळणार?

म्हणून तिथेच सांगितलं. मुलांनो, तुम्हीही ऐका. ऑलिव्ह दगडी चाकाखाली ठेचतात, मग तो लगदा दाबून तेल काढतात. आपला घाणा वेगळा. मोठं उखळ, त्यात उभी लाट. डोळ्यांना झापडं लावलेला बैल गोल गोल फिरतो, लाट फिरते आणि तीळ नाहीतर खोबरं रगडून तेल निघतं. शुक्रवारी सांज झाली की बैलालाही सुटी! आणि किद्दुशला द्राक्षमद्य कुठलं? मनुका भिजवून, पिळून त्याचं शरबत करायचे.

नातू हसून म्हणाला, "म्हणजे बैलसुद्धा शब्बाथ पाळायचा!" मग त्याने आपल्या आडनावाचं गाव कुठे आहे ते विचारलं.

त्या लोकांच्या भिंती राहिल्या, माणसं गेली. आपली माणसं इथे आहेत, पण घाणा दाखवायला एक भिंतही नाही. जे आहे ते आपल्या तोंडी. तेव्हा म्हाताऱ्यांनो, लाजू नका. या शुक्रवारी जेवणानंतर नातवंडांना आपलं गाव आणि आपला धंदा सांगा. मुलांनो, नाही सांगितलं तर तुम्हीच विचारा.