सहीचे मोल



डॉक्टर, वकील किंवा सनदी लेखापाल यांनी आपल्या व्यवसायात गैरवर्तन केले, तर त्यांची सनद जाऊ शकते, हे आपण व्यापारी मंडळी जाणतो. आपल्या दुकानात, गोदामात वीजतारा ओढणाऱ्या ठेकेदारालाही असेच बंधन आहे, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते.

दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची साधी अदलाबदल सोडली, तर ग्राहकाच्या जागेतील विजेचे कोणतेही काम शासनमान्य परवानाधारक ठेकेदारानेच केले पाहिजे. तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमात हे बंधन होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ते कायम राहिले. ठेकेदार, पर्यवेक्षक आणि वायरमन ही तीन माणसे म्हणजे सुरक्षिततेच्या तीन पायऱ्या आहेत. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी, हा त्यामागील हेतू.

ही साखळी तुटते ती बहुधा सहीपाशी. नव्या जोडणीसाठी चाचणी अहवाल लागतो. काम कोणा बिनपरवाना कारागिराने केलेले असते आणि जागा न पाहताच परवानाधारक सही देऊन मोकळा होतो. वस्तुतः त्या सहीचा अर्थ असा, की तारांचे आवरण ५०० व्होल्टच्या दाबाखाली तपासले, रोध किमान १ मेगओहम भरला आणि अर्थिंग योग्य आहे. न तपासता केलेली अशी सही म्हणजे माल न पाहता दिलेली पोचपावतीच होय. फरक इतकाच, की येथे तूट पैशांत मोजता येत नाही.

दुसरे गैरवर्तन मीटरशी छेडछाड करण्याचे. वीजचोरीला विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पुढे २००७ च्या दुरुस्तीने कलम १५० मध्ये एक पोटकलम जोडले गेले. परवानाधारक ठेकेदार, पर्यवेक्षक वा कामगार अशा चोरीस साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरला, तर शिक्षेबरोबरच त्याचा परवानाही रद्द होऊ शकतो. मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याविना तसा आदेश काढता येत नाही. कायद्याने येथे दंड आणि न्याय दोन्हींचा तोल सांभाळला आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे, याचा समावेश आहे. मीटर मंद करून देणारा जितका दोषी, तितकाच ‘जरा बघा काही जमते का’ असे सुचवणारा मालकही. शिवाय प्रमादामुळे होणाऱ्या प्राणहानीला आपल्या शास्त्राने हिंसाच म्हटले आहे. निष्काळजीपणाने सोडलेला सैल सांधा या व्याख्येबाहेर कसा राहील?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्णांचा अंत झाला. या घटनांनंतर अग्निसुरक्षेबरोबरच वीजयंत्रणेच्या तपासणीचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आला. आपल्या जुन्या नाशकातील लाकडी वाडे, खाली कापडाचे दुकान आणि वर राहते घर, हे चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तोच प्रश्न आपल्या उंबऱ्यावर उभा असल्याचे दिसेल. अग्निविम्यावर विसंबणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की ज्या उपकरणात शॉर्टसर्किट झाले त्या उपकरणाची हानी सर्वसाधारण अग्निविम्यातून वगळलेली असते. तेथून पसरलेल्या आगीची भरपाई मिळू शकते, पण गेलेला जीव कोणत्याच दाव्यात भरून येत नाही.

न्यूझीलंडमध्ये वीजकामगारांसाठी स्वतंत्र नोंदणी मंडळ आहे. कामगाराचा परवाना चालू आहे की नाही, हे कोणीही सार्वजनिक नोंदवहीत पाहू शकतो. तक्रार सिद्ध झाल्यास दंड, प्रशिक्षणाची सक्ती, निलंबन वा नोंदणी रद्द, अशी कारवाई होते. आपल्याकडेही परवाना पाहण्याचा आणि तक्रार घेऊन विद्युत निरीक्षक कार्यालयात जाण्याचा मार्ग खुला आहे. तो वापरण्याची सवय तेवढी नाही.

म्हणून काम देण्यापूर्वी ठेकेदाराचा परवाना आणि त्याची मुदत पाहावी. पर्यवेक्षक प्रत्यक्ष येणार का, हे विचारावे. चाचणी आपल्यासमोर करवून घ्यावी आणि अहवालाची प्रत खरेदीखताइतकी जपून ठेवावी. माणसाचा जीव वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण बसवण्यास सांगावे. आणि प्रामाणिक कारागिराने रास्त मजुरी मागितली, तर तेथे घासाघीस करू नये. स्वस्त कामाचा आग्रह धरणारा मालकच पुष्कळदा कोऱ्या सहीला जन्म देत असतो.

कृत, कारित आणि अनुमोदित, अशा तिन्ही प्रकारे कर्मबंध होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वीजकामातले गैरवर्तन वायरमन करतो, मालक करवतो आणि शेजारी पाहून गप्प बसतो. परवाना एकाचाच रद्द होतो; जबाबदारी मात्र तिघांचीही असते.

जय जिनेंद्र.