एकाच खिडकीचा हट्ट

देशाची भू-स्थानिक माहिती शोधायची तर केंद्रीय पोर्टलचेच दार ठोठावायचे, हा समज आपल्याकडे फारच रुळला आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील परवान्यांचे जोखड उतरवले; डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. माहिती मोकळी झाली, शोधाची वाट मात्र एकाच सर्व्हरपाशी अडून राहिली.

या व्यवस्थेचे समर्थक एक तांत्रिक आक्षेप पुढे करतात. मध्यवर्ती सर्व्हर नसलेल्या, संगणक थेट संगणकाशी जोडणाऱ्या जाळ्यात ‘अमुक ठिकाणाच्या पाच किलोमीटरच्या परिसरात काय आहे’ हा प्रश्न विचारताच येत नाही, असे ते म्हणतात. हा आक्षेप कधीकाळी खरा होता. 2001 मधील ‘कॉर्ड’सारख्या रचनेत लाखभर यंत्रांतून नेमकी नोंद पंधरा-सतरा टप्प्यांत सापडे, पण तिचे हॅश-गणित शेजाऱ्यांना मुद्दाम विखरून टाकी. लाल किल्ल्याची नोंद एका यंत्रावर, समोरच्या चांदणी चौकाची भलत्याच. भार सारखा वाटला जाई आणि परिसर हरवे.

त्यावरचा उपाय जुना आहे: स्थळाला असा संकेतांक द्यायचा, की जवळच्या ठिकाणांची सुरुवातीची चिन्हे बहुधा सारखीच असतील. भारताकडे असा संकेतांक तयार आहे. टपाल खाते, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी घडवलेला डिजिपिन हा तोच. पहिले चिन्ह नऊ अंशांचा चौकोन दाखवते. पुढचे प्रत्येक चिन्ह त्याचे सोळा भाग करते. दहाव्या चिन्हाशी चौकोन जेमतेम चार मीटरचा उरतो. यंत्रांमध्ये चौकोन वाटून द्यावेत, दाट वस्तीचे अधिक बारीक करावेत, की परिसराचा शोध हा केवळ आद्याक्षरांचा शोध होतो. एवढे मौल्यवान साधन निव्वळ पत्त्याची चिठ्ठी म्हणून मिरवले जाते, याला काय म्हणावे?

अडचणी आहेतच. डिजिपिनच्या पहिल्या विभागणीची 11.5 अंश उत्तर ही रेषा वायनाडमधून जाते: मेप्पाडी तिच्या उत्तरेला, मुंडक्कै दक्षिणेला. 30 जुलै 2024 च्या भूस्खलनात मुंडक्कै गाडले गेले, चूरलमलाचा पूल वाहून गेला. मेप्पाडीच्या चिन्हांवर विसंबलेल्या शोधाला काही किलोमीटरवरचे मुंडक्कै दिसणारच नाही. म्हणून शोधाने संकेतांकाच्या जोडीला शेजारचे चौकोनही विचारले पाहिजेत. हे गणित अवघड नाही. ते विसरणे मात्र जीवघेणे ठरेल. शिवाय कोणीही खोटी नोंद घुसवू शकतो, म्हणून प्रत्येक नोंदीवर ती देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी हवी. एकाच नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या गावी ठेवाव्या लागतील, त्या ताज्या राखण्याचा खर्चही येईल.

पण केंद्राशी जोडणी तुटल्यावर पोर्टल काय कामाचे? दरड कोसळलेल्या खोऱ्यात विहिरी, पायवाटा, आरोग्य उपकेंद्रे यांची नोंद शेजारच्या टपाल कचेरीतील संगणकावर असेल, तर स्थानिक बिनतारी जोडणीवरही ती सापडेल.

डिजिपिनची आज्ञावली टपाल खात्याने खुली ठेवली आहे. एखाद्या डोंगराळ जिल्ह्यातील तालुका कार्यालये, शाळा आणि टपाल कचेऱ्या एवढ्यांच्या संगणकांवर पुढच्या पावसाळ्याआधी या शोधाची चाचणी घेता येईल. त्यासाठी नव्या धोरणाची गरज नाही, आणखी एका पोर्टलची तर नाहीच.