जाणीव म्हणजे सत्ता नव्हे

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. हल्ली तिचा एक धीट अर्थ लावला जात आहे : मनात जे ठरवाल ते स्वप्नात घडवाल. ‘सजग स्वप्न’ शिकविणाऱ्या एका शिबिराचे पत्रक मध्यंतरी आमच्या हाती पडले. झोपेत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळले, की पुढचे सारे आपल्या हुकमतीत, असे आश्वासन त्यात होते. या आश्वासनास आमचा स्पष्ट विरोध आहे.

विरोध अनुभवास नाही. अनुभव खराच आहे. डच वैद्य व लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली त्यास नाव दिले. १९७५ मध्ये इंग्लंडातील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी त्याचा पुरावा मिळविला. स्वप्नाच्या झोपेत स्नायू शिथिल पडतात, परंतु डोळे हलत असतात. म्हणून झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती यंत्राने टिपली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले.

आम्हांसही हा अनुभव तीन-चारदा आला आहे. निवृत्तीनंतर एकदा स्वप्नात आम्ही वल्लभ भवनातील जुन्या टेबलाशी बसलो होतो. टिपणीवरील अक्षरे दुसऱ्यांदा वाचताना बदललेली दिसली आणि एकदम उमगले, की हे स्वप्न आहे. रंग उजळले, आनंद दाटून आला. दाराशी आमचे दिवंगत वडील उभे होते. त्यांनी एक शब्द बोलावा अशी उत्कट इच्छा केली. ते नुसते पाहत राहिले. उडू गेलो, तो हातभर उठून खाली आलो. उत्कंठा वाढली तशी जागच आली. नस्ती टेबलावर आली म्हणजे मंजुरीचा अधिकार मिळत नाही, हे शासकीय नोकरी केलेल्यांस निराळे सांगावयास नको!

अभ्यासाने काही साधते, हे आम्ही नाकारीत नाही. तळहात चोळून स्वप्न थोडे लांबविता येते, पाठलाग करणाऱ्याकडे वळून पाहता येते. पण मर्यादा किती? २०२१ साली चार देशांतील प्रयोगशाळांनी ३६ जणांस झोपेत सोपे प्रश्न घातले. स्वप्नाची सजगता खुणेने सिद्ध झाली असतानाही बरोबर उत्तर आले ते सुमारे १८ टक्के वेळा. निम्म्याहून अधिक वेळा उत्तरच आले नाही. शिवाय यासाठी मध्यरात्री मुद्दाम उठावयास सांगतात. उतारवयात आधीच तुटक असलेली झोप त्याने अधिकच मोडते.

यावर काही मित्र म्हणतील, पाश्चात्त्यांचे सोडा, आपल्या पूर्वजांस हे सारे साध्य होते. त्यांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावरचे शांकरभाष्य अवश्य पाहावे. केवळ संकल्पाने स्वप्नसृष्टी निर्माण होत असती, तर कोणासही अनिष्ट स्वप्न पडले नसते, कारण स्वतःसाठी अनिष्ट कोणी इच्छीत नाही, असा आचार्यांचा रोकडा युक्तिवाद आहे. तुकोबांना माघ शुद्ध दशमीस स्वप्नात गुरूचा अनुग्रह झाला. त्या अभंगात ते स्वतःच सांगतात, की गुरूंनी भोजनास पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. ज्या स्वप्नाने जन्म उजळला, त्यावरही त्यांनी स्वामित्व सांगितले नाही.

हा वाद केवळ शब्दांचा असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु हे भोपाळ आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती रात्र ज्यांच्या झोपेत पुन्हा पुन्हा उगवली, अशी माणसे आपल्या शेजारी राहिली आहेत. बंगळुरूच्या निम्हान्समधील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांच्यासारख्यांनी गॅसपीडितांच्या मनोव्यथांकडे लक्ष वेधले, तेव्हा कुठे या दुखण्यास दुखणे म्हटले जाऊ लागले. अशा माणसास ‘स्वप्न तुझ्या हाती आहे’ असे सांगणे म्हणजे, ते बदलले नाही तर दोष तुझाच, असे सुनावणे होय. ही निव्वळ निर्दयता आहे.

खरा उपाय नम्र आहे. बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अत्याचारग्रस्त स्त्रियांना जागेपणी आपले दुःस्वप्न हवे तसे बदलून रोज मनात घोळविण्यास शिकविले. त्यांची दुःस्वप्ने कमी झाली. यात झोपेत हुकूम सोडावयाचा नसतो. काम दिवसाउजेडी करावयाचे असते, तेही जाणत्या वैद्याच्या सोबतीने.

स्वप्नात जाग आली, तर तिचे स्वागत करावे. आमचे वडील त्या रात्री बोलले नाहीत, पण ते दिसले आणि दिसत आहेत हे आम्हांस ठाऊक होते. एवढे आम्हांस पुष्कळ वाटते. याहून अधिक विकू पाहणाऱ्यास आपल्या दारातूनच परत पाठवावे.