आईची कॅसेट

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरचे वार्षिक उत्खननच! यंदा माळ्यावरून आईची कॅसेट निघाली. घरच्याच तबकड्यांवरून १९८५च्या सुमारास उतरवून घेतलेली भावगीते तिच्यात होती. ती मी मोबाइलमध्ये भरीत बसलो, तोच कायदा शिकणारी भाची म्हणाली, "मामा, आजीने तेव्हा कायदा मोडला बरं का!"

मी चमकलो. वर्गात नक्कल करणाऱ्यांची कानउघाडणी करणारा मास्तर मी. आणि माझीच आई आरोपी?

भाचीने उलगडा केला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापराची मुभा होती. पण ती पुस्तके, नाटके, चित्रे यांसारख्या कृतींना. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट तिच्यात नव्हते. म्हणजे वहीत कविता उतरवणारी गृहिणी निर्दोष, कॅसेट भरणारी सदोष! २०१२च्या दुरुस्तीने ही विसंगती गेली. संगणकाच्या आज्ञावली सोडून सर्वच कृतींना वैयक्तिक 'रास्त वापरा'ची सवलत मिळाली.

आई सुटली, अडकलो मी! कारण ती गाणी नातेवाइकांच्या दीडशे जणांच्या मोबाइल-गटावर धाडण्याचा माझा बेत होता.

"रास्त म्हणजे किती, हे कायद्याने मापून दिलेले नाही," भाची हसली, "पण दीडशे माणसे म्हणजे काही घर नव्हे. गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचेही पोट असतेच ना?"

पुस्तके लिहून पोट न भरलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन पटले. बोट मागे घेतले. आता भाऊबीजेला बहिणींना घरीच बोलावले आहे. गाणी ऐकायला यावे. चकल्यांवर कोणाचाही हक्क राखून ठेवलेला नाही!