नाईट करणाऱ्या माणसांनो, झोपेची वेळ सांभाळा

आसनगाव, वासिंद, मुरबाडची एमआयडीसी, भिवंडीची गोदामं. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांतून रोज संध्याकाळी कोणीतरी डबा घेऊन नाईटला निघतं. वीटभट्टीवरची कुटुंबं तर मध्यरात्र उलटली की कामाला लागतात. हे लिहिलंय ते तुमच्यासाठी आणि तुमच्या घरच्यांसाठी.

'रात्रपाळीने कॅन्सर होतो' असे निरोप मोबाईलवर फिरतात. ते वाचून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली हा विषय तपासला. रात्री काम केल्याने कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो, असं त्यांनी सांगितलं. बहुधा. म्हणजे अजून पक्कं ठरलेलं नाही. पण दुर्लक्ष करावं इतकं हलकंही नाही. एवढ्यासाठी नोकरी सोडू नका. काळजी मात्र घ्या.

कोंबड्याला पहाट कुणी सांगावी लागत नाही, तसंच आपल्या शरीराचं आहे. मेंदूत एक घड्याळ चालतं आणि ते उजेड-अंधारावर लागतं. शरीरातल्या पेशींनाही आपापली वेळ कळते. कधी वाढायचं, झालेला बिघाड कधी दुरुस्त करायचा, हे बरंचसं त्या वेळेवर चालतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. रोज रात्री लख्ख उजेडात जागलात, आणि पाळी दर आठवड्याला बदलली, की हे वेळापत्रक विस्कटतं.

आता एक विचारतो. रात्री डोळा लागू नये म्हणून तोंडात काय धरता? तंबाखू? मावा? गुटखा? रात्रपाळीपुढे आपण 'बहुधा' म्हणतो. तंबाखूपुढे तसं म्हणता येत नाही, तिने कर्करोग होतो हे पक्कं आहे. नुसत्या सुपारीनेही होतो. घरातल्या आयाबायांनो, मिसरीही तंबाखूच आहे. झोपेची सगळी पथ्यं पाळलीत आणि गालात बार तसाच ठेवलात, तर फार काही साधणार नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत. जागं राहायला पाणी प्या, मध्येच उठून चार पावलं चाला. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या. पहाटे घेतलात तर घरी आल्यावर डोळा लागणार नाही.

जेवण निघण्यापूर्वी घरी करा. रात्री दोन वाजता भरपेट भात-मटण नको, पोट तेव्हा विश्रांतीला आलेलं असतं. थोडी भाकरी-भाजी, एखादं फळ पुरे.

पाळी सुटली की थेट घरी या. डोळे मिटत असतील तर नाशिक हायवेवर गाडी चालवू नका. कंपनीतच अर्धा तास पडा, मग निघा. आल्यावर मोबाईल बाजूला ठेवा. खिडकीला जाड गोधडी लावून खोलीत अंधार करा. पत्र्याचं घर दुपारी तापतं, म्हणून अंघोळ आणि न्याहारी उरकून सकाळीच झोपा. वेळ रोज तीच ठेवा.

इथे घरच्यांची मदत लागते. नाईट करून आलेल्या माणसाला दुपारी बारा वाजता रेशनच्या रांगेत पाठवू नका. आणि नाईट करणारी घरची सून असेल, तर तिने आल्याआल्या चुलीपाशी उभं राहावं अशी अपेक्षा धरू नका. पुरुष झोपला की घर गप्प होतं आणि बाई झोपली की 'अजून झोपलीच आहे का' म्हणतात. हे बदलायला हवं. तिचंही शरीर तेच आहे.

तिशी ओलांडली असेल तर तपासणी करून घ्या. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. हाताने केलेल्या तपासणीने काय होणार, असं वाटू देऊ नका. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाच्या आसपास बायकांवर मोठा अभ्यास केला. साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले.

स्तनात गाठ लागली, तोंडातला छाला दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तोंड पूर्वीइतकं उघडेना, मासिक पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, तर सुट्टीची वाट बघू नका. नाईट उतरून तसेच डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

आजार निघालाच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा इलाज होतो. रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा. गोळी डॉक्टर सांगतील त्याच वेळेला घ्या, नाईट असली तरी. पाळीमुळे वेळ जमत नसेल तर तसं त्यांना सांगा, आपल्या मनाने बदलू नका.

अजून एक गोष्ट. बायकांच्या मासिक चक्रातल्या कोणत्या दिवसांत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, याने पुढे फरक पडतो का, हे कर्करोगाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांनी १९९१ सालीच तपासलं होतं. पुढच्या अभ्यासांत मात्र एकमत झालं नाही. हा विचार डॉक्टरांवर सोडा. तुम्ही पितृपक्ष संपू दे, अमावास्या जाऊ दे, लावणी उरकू दे म्हणून तारीख पुढे ढकलू नका. त्या दिवशी घरचं एक माणूस सोबत घ्या आणि आधीचे सगळे कागद पिशवीत ठेवा.